दिग्रस ते यवतमाळ: राउटिंगची कॉस्ट जनुकीय अल्गोरिदमने कशी ठरवावी

सरावासाठी दिग्रस, दारव्हा, यवतमाळ आणि आर्णी ही ठिकाणे फायबरने कड्यासारखी जोडलेली आहेत, असे कल्पित जाळे कागदावर काढावे. प्रत्येक लिंकची क्षमता १०० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरावी आणि यवतमाळकडे जाणारी मागणी दिग्रसहून ६०, दारव्ह्याहून ५०, तर आर्णीहून २० एमबीपीएस मानावी.

ओएसपीएफ या राउटिंगच्या, म्हणजे डेटाचा मार्ग ठरवण्याच्या पद्धतीत प्रत्येक लिंकला १ ते ६५५३५ पर्यंत कॉस्ट नावाचा आकडा देता येतो, आणि ज्या मार्गाच्या कॉस्टची बेरीज सर्वांत कमी, त्याच मार्गाने डेटा जातो. आर्णी–यवतमाळ लिंकला १५ आणि उरलेल्या तिन्ही लिंकना १० कॉस्ट दिल्यास दिग्रसचा सगळा डेटा दारव्ह्यावरून जातो; दारव्हा–यवतमाळ लिंकवर ११० एमबीपीएसचा बोजा पडतो आणि आर्णीची बाजू जवळपास रिकामी राहते.

चांगल्या कॉस्ट शोधायला जनुकीय अल्गोरिदम वापरावा, म्हणजे अनेक उत्तरांतली चांगली निवडून, त्यांची सरमिसळ करून पिढ्यानपिढ्या उत्तर सुधारत न्यावे. चार लिंकच्या कॉस्टची यादी म्हणजे असे एक उत्तर, हेच आपले गुणसूत्र. अशा ५० यादृच्छिक याद्या तयार कराव्यात, प्रत्येकीसाठी डायक्स्ट्राच्या पद्धतीने सर्वांत कमी कॉस्टचे मार्ग काढून लिंकनिहाय भार मोजावा आणि दंड लावावा. खरी मेख या दंडातच आहे. संकर (दोन याद्यांचे भाग जोडून नवी यादी करणे) आणि उत्परिवर्तन (यादीतली एखादी कॉस्ट यादृच्छिक बदलणे) कोणीही दहा ओळींत लिहू शकतो. फोर्ट्झ आणि थोरुप या संशोधकांनी २००० साली मांडलेला चढता दंड वापरावा: क्षमतेच्या एक तृतीयांशापर्यंत प्रत्येक एमबीपीएसला १, दोन तृतीयांशापर्यंत ३, ९० टक्क्यांपर्यंत १०, १०० टक्क्यांपर्यंत ७०, ११० टक्क्यांपर्यंत ५०० आणि त्यापुढे ५०००.

या हिशेबाने वरच्या मांडणीचा दंड ६२०० येतो. आर्णी–यवतमाळची कॉस्ट ८ केल्यास दिग्रसचा डेटा आर्णीवरून वळतो आणि दंड सुमारे ४६३ वर उतरतो. ती १० केल्यास दोन्ही मार्ग सारखे होऊन डेटा निम्मानिम्मा वाटला जातो, आणि दंड ४१० होतो. केवळ सर्वांत भरलेली लिंक पाहिली असती, तर दोन्ही मांडण्या ८० टक्क्यांवर सारख्याच दिसल्या असत्या.

कमी दंडाच्या याद्या पुढच्या पिढीत जशाच्या तशा न्याव्यात, उरलेल्या जागा संकराने भराव्यात आणि एखाद्या लिंकची कॉस्ट अधूनमधून यादृच्छिक बदलावी. बियाण्यासाठी ज्वारीची टपोरी कणसे राखताना सगळी एकाच धुऱ्यावरची घेऊ नयेत, तसेच येथेही. सगळ्या याद्या एकसारख्या झाल्या की शोध तेथेच अडतो. कॉस्ट १ ते २० मध्ये ठेवल्यास चार लिंकच्या १,६०,००० याद्या संगणक सरळ तपासू शकतो, त्यामुळे उत्तर पडताळून घेता येते. चाळीस लिंक असतील तर मात्र ही सोय उरत नाही.

शेवटी रस्त्याच्या खोदकामात जेसीबीने लिंक तोडली असे समजून प्रत्येक लिंक एकेकदा काढून पाहावी. यवतमाळला येणाऱ्या दोनपैकी कोणतीही लिंक तुटली, तर १३० एमबीपीएस एकाच लिंकवर येतात. तेथे कॉस्ट कितीही बदलून उपयोग नाही, त्या दोन्ही लिंकची क्षमताच वाढवावी लागते.