जुनी पद्मिनी ओढत नाही? इंजिन उघडण्याआधी या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनी या जुन्या गाडीने घाटात दम सोडला की गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकू येतं: "इंजिन बसलंय, काम काढावं लागेल." मालक घाबरून हो म्हणतो. काहीही न मोजता हेड (सिलेंडरवरचं झाकण) उघडणं ही या गाडीच्या बाबतीतली सगळ्यात महागडी चूक आहे, असं माझं ठाम मत आहे. कुर्ल्यात बनलेल्या या 1089 सीसी इंजिनाचा मूळ बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, 68 मिलिमीटरचा. दर बोरिंगला (झिजलेला बोअर तासून मोठा करताना) भिंतीचं लोखंड थोडं कमी होतं आणि ते पुन्हा भरून येत नाही. ऑक्टोबर 2023मध्ये मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी बंद झाल्या. नुसत्या कानाने हे इंजिन ओळखणारे हातही आता विरळ होत चाललेत.

प्लग-पॉइंट न बघता पिस्टनच्या रिंगांना दोष देणं

माझ्या गाडीचं हाफ इंजिन (उघडून झिजलेले काही भाग बदलणं) करायचं जवळजवळ ठरलं होतं. इंजिन थंड असताना सुरळीत, पण वीसेक मिनिटं चालली की मिसिंग (मध्येच स्पार्क चुकून झटके) आणि पिकअप गायब. पॉइंट (स्पार्कसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडून पाहिले तर जळून काळे पडले होते. पॉइंट आणि कंडेन्सर बदलले, टायमिंग लावलं, आणि त्याच गाडीने तोच घाट तिसऱ्या गिअरवर चढला.

म्हणून आधी पॉइंटची गॅप, कंडेन्सर, प्लग, टायमिंग बघा. मग कार्बोरेटर आणि मॅनिफोल्डच्या गॅसकेटमधून हवा ओढली जातेय का ते तपासा. इथेनॉलच्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि डायफ्रॅम खराब होतात, तेही चाचपा.

टॅपेट (वॉल्व्ह उघडणारा भाग) विसरू नका. देशभर 1 फेब्रुवारी 2000पासून शिसेविरहित पेट्रोल आलं. मऊ सीट (वॉल्व्ह टेकतो ती बैठक) असलेल्या जुन्या इंजिनांत त्यावर वॉल्व्ह हळूहळू आत धसतो आणि टॅपेटची गॅप कमी होत जाते. वॉल्व्ह पुरता बसतच नाही, आणि कॉम्प्रेशन (सिलेंडरमध्ये तयार होणारा दाब) पडलं की खापर रिंगांवर फुटतं. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) गॅप लावणं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

कॉम्प्रेशन चुकीच्या पद्धतीने मोजणं

इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली आणि अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. हा शेवटचा मुद्दा हमखास राहतो. थ्रॉटल बंद असेल तर सिलेंडरला हवाच मिळत नाही आणि चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं.

आकड्यापेक्षा चार सिलेंडरमधला फरक महत्त्वाचा. तो दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असेल तर घाई करू नका. जागाही लक्षात घ्या: महाबळेश्वर सुमारे 1,350 मीटर उंचीवर आहे, तिथे हवा विरळ असल्याने तेच इंजिन मुंबईपेक्षा साधारण 15 टक्के कमी दाखवेल.

एखादा सिलेंडर कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर गळती रिंग-बोअरमधून. जागचा हलला नाही तर वॉल्व्हमधून. शेजारचे दोन्ही सिलेंडर कमी असतील तर मधलं हेड गॅसकेट गेलेलं असण्याची शक्यता मोठी. कॉम्प्रेसर मिळाला तर पिस्टन वर आणून, वॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून हवा सोडा आणि कान लावा. कार्बोरेटरमधून सूं आवाज आला तर इनटेक वॉल्व्ह, सायलेन्सरमधून आला तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आला तर रिंगा. रेडिएटरमध्ये बुडबुडे म्हणजे गॅसकेट किंवा हेडला गेलेला तडा.

धूर दिसला की एकच अर्थ लावणं

काळा धूर म्हणजे जास्तीचं पेट्रोल, त्याचा झिजेशी संबंध नाही. निळा म्हणजे ऑइल, पण ते कुठून येतंय हे उतारावर कळतं. खंबाटकी घाट उतरताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढून ठेवा आणि खाली आल्यावर अॅक्सिलरेटर द्या. तेव्हाच निळा झोत निघाला तर वॉल्व्ह गाइडचा (वॉल्व्हची दांडी सरकते त्या नळीचा) संशय घ्या. चढावर सतत धूर येत असेल तर रिंगांचा.

जाड ऑइल घालून समाधान मानणं

त्याने आवाज दबतो, प्रेशर वाढल्यासारखं वाटतं आणि बेअरिंग आतल्या आत झिजत राहतं. गाडी विकत घेताना तर हे नक्की तपासा. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनावर, आयडलिंगला प्रेशर बघा. ठकठक येत असेल तर एकेक प्लगची वायर काढून ऐका. एखाद्या सिलेंडरला आवाज मंदावला तर त्याच्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगकडे किंवा पिस्टनकडे बोट जातं.

एवढं करूनही झीजच निघाली, तर हेड उतरवल्यावर बोअरच्या वरच्या टोकाला नख फिरवा. नख अडकलं तर तिथे कड तयार झाली आहे. तरीही लगेच बोरिंगला देऊ नका. बोअर गेजने वर, मध्ये आणि खाली, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं मोजून कागदावर लिहून ठेवा, आणि पुढचा ओव्हरसाइझ (पिस्टनचा मोठा आकार) त्या कागदावरून ठरवा.