आयपी मिळत नाही? राउटर बदलण्याआधी या चुका टाळा

नेट चालत नाही म्हणून कुणाचा फोन आला की मी आधी विचारतो, ‘आयपी काय दिसतोय?’ आयपी म्हणजे नेटवर्कवरचा उपकरणाचा पत्ता. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर इंटरनेटवाल्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. लॅपटॉपने पत्ता मागितला, डीएचसीपीकडून (राउटरमधली पत्ते वाटणारी सोय) ओ आली नाही, म्हणून विंडोजने स्वतःच एक कामचलाऊ पत्ता लावून घेतला. वायर, स्विच आणि राउटरमधलं डीएचसीपी बघा.

सगळ्यात छळणारी चूक म्हणजे दुसरा राउटर. वरच्या खोलीत रेंज नाही म्हणून मी माळ्यावरचा जुना राउटर काढला, खालून आणलेली वायर त्याच्या लॅन पोर्टात (घरातली उपकरणं जोडायची जागा) खोचली आणि खूश झालो. आता घरात पत्ते वाटणारे दोघे! ज्याचं उत्तर आधी पोचतं, त्याचाच पत्ता उपकरण सहसा घेतं. त्यामुळे टीव्ही चालायचा, फोन अडायचा. वायफाय बंद-चालू केलं की फोन सुरू, संध्याकाळी पुन्हा ठप्प. अख्खा रविवार गेला. शेवटी फोनचा आयपी पाहिला: १९२.१६८.०.१०३. मुख्य राउटर तर १९२.१६८.१.१! फोन गेटवे म्हणून, म्हणजे इंटरनेटकडे जायचा दरवाजा समजून, जुन्या राउटरकडे जात होता आणि त्याच्या वॅन पोर्टात (इंटरनेटची वायर लावायची जागा) काहीच नव्हतं. जुन्याचं डीएचसीपी बंद केलं, त्याला १९२.१६८.१.२ दिला, मिटलं.

प्रिंटरला हाताने आयपी देताना तो पूलमधला, म्हणजे राउटर आपणहून वाटतो त्या पत्त्यांमधला, देऊ नका. पूल १०० ते १९९ (आयपीचा शेवटचा आकडा) आणि प्रिंटरला १०५ दिलात, तर रात्री प्रिंटर बंद असताना राउटर तोच १०५ एखाद्या फोनला देऊन मोकळा होतो. सकाळी दोघांची मारामारी. राउटरमध्ये प्रिंटरच्या मॅक अ‍ॅड्रेसवर (नेटवर्कवरचा उपकरणाचा ओळख क्रमांक) रिझर्व्हेशन करा, म्हणजे एक पत्ता त्याच्यासाठीच राखून ठेवा.

अभ्यासिका, क्लास, हॉटेल चालवणाऱ्यांनी लीज टाइम, म्हणजे दिलेला पत्ता किती वेळ त्या उपकरणाच्या नावावर राहतो ती मुदत, बघावा. १०० पत्ते, लीज २४ तासांची आणि तीन पाळ्यांत मिळून दीडशे मुलं. सकाळची मुलं निघून जातात, पत्ते मात्र अडकून राहतात, आणि रात्रीच्या पाळीतल्या मुलाला वायफायचा पासवर्ड बरोबर असूनही आयपी मिळत नाही. त्यात काही फोन आपला मॅक अधूनमधून बदलतात. राउटरला तो दरवेळी नवा पाहुणा वाटतो. लीज दोन तासांवर आणा. वापरातली उपकरणं अर्धी मुदत सरली की आपणहून ती वाढवून घेतात, तेव्हा बसलेल्यांचं नेट तुटत नाही. मात्र आधी वाटलेल्या लीज २४ तासांच्याच असतात. फरक दुसऱ्या दिवशी दिसेल.