पोटात बाळ आणि भोवती तापाची मुलं: बालवाडीच्या ताईंनी या चुका टाळा

बालवाडी, अंगणवाडी, पाळणाघर नाहीतर मुलांचा वॉर्ड. इथे काम करणाऱ्या बाईला दिवस गेले की जो तो सांगतो, "आजारी मुलांपासून लांब राहा गं." सांगणाऱ्याचं काय जातंय! पावसाळ्यात निम्म्या वर्गाची नाकं वाहत असतात. लांब राहायचं म्हणजे राजीनामाच द्यायचा. शिवाय साध्या सर्दीने पोटातल्या बाळाचं सहसा काही बिघडत नाही. गर्भाला खरा धोका असलेले आजार मोजकेच आहेत आणि त्यांच्या बाबतीत आपण नेमकी वेळ चुकतो.

पुरळ दिसल्यावर सावध होणं

सगळ्यात मोठी चूक हीच. कांजिण्या फोड उठायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतात, गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासून. पार्व्होव्हायरस या विषाणूच्या आजारात मुलाचे गाल चापट मारल्यासारखे लाल होतात. पण गाल लाल दिसेपर्यंत त्याच्याकडून लागण व्हायची वेळ बहुधा टळून गेलेली असते. म्हणजे आज ज्याला तुम्ही घाईने घरी पाठवलंत, तो परवाच तुमच्या मांडीवर बसून गाणं म्हणत होता.

तेव्हा "आज कोण आजारी आहे?" यापेक्षा "गेल्या आठवड्यात माझ्याजवळ कोण होतं?" हा प्रश्न कामाचा. हजेरीपटात गैरहजर मुलाच्या नावापुढे पेन्सिलीने कारण लिहा: ताप, पुरळ, गालगुंड. आईवडील सगळं सांगतातच असं नाही. घरात देवीचं म्हणून उशाशी कडुलिंबाचा पाला असतो आणि बाईंना मात्र "डास चावलेत" असं सांगितलं जातं. मूल परत आलं की त्यालाच विचारा, ते खरं सांगून टाकतं.

"मला लहानपणी झालंय" यावर विसंबणं

कांजिण्यांपुरतं हे बरंचसं चालतं. एकदा होऊन गेल्या असतील तर पुन्हा होणं विरळा. रुबेलाचं, म्हणजे जर्मन गोवराचं, तसं नाही. त्याचं पुरळ इतर चार पुरळांसारखंच दिसतं, त्यामुळे आईच्या आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तीही नऊ महिने ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा पंधरा ओलांडलेल्या मुली आज आई होण्याच्या वयात आहेत. खासगी दवाखान्यात एमएमआर (गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस) घेतली नसेल तर रुबेलाची लस त्यांना मिळालेलीच नसण्याची शक्यता मोठी. पहिल्या तिमाहीत रुबेला झाला तर बाळाला मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयाचे दोष होऊ शकतात. पहिल्या बारा आठवड्यांत हा धोका ९० टक्क्यांपर्यंत जातो.

ही लस गरोदरपणात देत नाहीत, कारण ती जिवंत विषाणूंची असते. मूल होऊ द्यायचं ठरवलं असेल तर आधीच रक्ततपासणी करून लस घ्या आणि नंतर एक महिना थांबा. फ्लूचं इंजेक्शन मात्र मृत विषाणूंचं असतं, ते गरोदरपणात चालतं. "गरोदर बाईने कुठलीच लस घेऊ नये" म्हणणाऱ्या काकूंना नमस्कार करा आणि पुढे जा.

रिपोर्ट स्वतःच वाचून घाबरणं

टॉर्च तपासणीत (गर्भाला घातक ठरणारे संसर्ग शोधणारी रक्ततपासणी) "रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह" दिसलं की घरात रडारड सुरू होते. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे बहुतेक वेळा जुनी प्रतिकारशक्ती, म्हणजे आनंदाचीच बातमी. आयजीएम, म्हणजे ताज्या लागणीची शक्यता दाखवणारी खूण, पॉझिटिव्ह आलं तर पुढची तपासणी लागते, पण तेवढ्या एका शब्दावरून निर्णय घ्यायचा नसतो.

"बघू, काही झालं तर जाऊ"

कांजिण्या झालेल्या मुलासोबत एका खोलीत पंधरा मिनिटं गेली असतील आणि तुम्हाला त्या कधी झाल्या नसतील, तर वाट पाहू नका. संपर्कानंतर द्यायचं इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दहा दिवसांच्या आत, शक्य तितक्या लवकर द्यावं लागतं आणि ते सगळीकडे सहज मिळत नाही. गोवरासाठी ही मुदत सहाच दिवसांची. कांजिण्यांचे फोड उठलेच तर डॉक्टरांनी दिलेल्या विषाणूविरोधी गोळ्या पहिल्या २४ तासांत सुरू झाल्या की चांगला उपयोग होतो. गरोदर बाईला कांजिण्यांतून न्यूमोनिया होऊ शकतो, म्हणून अंगावर काढू नका.

मात्र तडक जाऊन ओपीडीच्या बाकावर बसू नका. तिथे शेजारी आणखी चार गरोदर बायका असतात. आधी फोन करा, संपर्काची तारीख सांगा आणि कधी, कुठून आत यायचं ते विचारा. पार्व्होचा संपर्क असेल तर रक्त तपासतात. लागण झालेली आढळली तर काही आठवडे सोनोग्राफी करून बाळाला रक्तक्षय होत नाही ना ते पाहतात.

उरलेला घास

डब्यातली खिचडी वाया जाऊ नये म्हणून मुलाच्याच चमच्याने शेवटचा घास आपल्या तोंडात टाकणारी ताई प्रत्येक बालवाडीत असते. सायटोमेगॅलोव्हायरस हा गर्भाला धोका असलेला विषाणू लाळेतून आणि लघवीतून असाच येतो, आणि तो अगदी धडधाकट दिसणाऱ्या मुलाकडूनही येतो. उष्टं खाऊ नका, एकाच पदराने सगळ्यांची नाकं पुसू नका आणि चड्डी बदलल्यावर साबणाने हात धुवा. जुलाब-उलट्यांच्या साथीत सॅनिटायझरवर विसंबू नका, तिथे साबण आणि पाणीच लागतं.

वॉर्डातल्या सिस्टरसाठी

एक्स-रेच्या वेळी रडणाऱ्या बाळाला तुम्ही धरू नका, नातेवाइकाला लेड एप्रन घालून धरू द्या. आणि टीबीच्या छोट्या पेशंटपेक्षा त्याच्या उशाशी बसून खोकणाऱ्या आजोबांकडे लक्ष ठेवा. लहान मुलांकडून टीबी सहसा कमी पसरतो, तो बहुतेकदा घरातल्या मोठ्यांकडूनच त्यांना लागलेला असतो. एन-९५ घालायचा तो आजोबांशी बोलतानाही.

ताप आला तर मुलांच्या कपाटातली आयब्युप्रोफेन तोंडात टाकू नका. विशेषतः वीस आठवड्यांनंतर ती टाळायचीच असते. पॅरासिटामॉल चालते, पण तीही डॉक्टरांना विचारून.

तीन महिने लपवणं

"तिसरा लागेपर्यंत सांगू नये" ही रीत घराघरांत पाळली जाते. पण रुबेलाचा सर्वाधिक धोका नेमका त्याच काळात असतो. गावभर सांगू नका, पण पर्यवेक्षिकेला किंवा मुख्याध्यापिकेला पहिल्याच महिन्यात सांगा. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी जोडून अर्ज द्या: "पुरळ-तापाच्या मुलांची देखभाल व चड्डी बदलण्याचे काम तूर्त दुसऱ्या सहकाऱ्याकडे द्यावे, वर्गात असा आजार आढळल्यास मला त्याच दिवशी कळवावे." अर्जाच्या पोचपावतीवर सही घ्या आणि ती माता-बाल संरक्षण कार्डासोबत ठेवा.