प्लाझ्मा प्रक्रियेला जाण्याआधीच बिघडतो: या चुका टाळा

फॅक्टर ८, म्हणजे प्लाझ्मातला (रक्तातल्या पिवळसर द्रवातला) रक्त गोठवणारा घटक, कमी भरला की सगळे शुद्धीकरणाच्या यंत्राकडे बोट दाखवतात. बहुतेक वेळा घोळ त्याच्या कितीतरी आधी, रक्तदान शिबिरातच झालेला असतो.

जत-आटपाडीकडचं शिबिर घ्या. पहिली पिशवी सकाळी नऊला भरते, मग पाहुण्यांची भाषणं, सत्कार, आणि गाडी मिरजेकडे निघते दुपार कलल्यावर. घड्याळ मात्र गाडी सुटल्यावर नाही, त्या त्या पिशवीच्या रक्तदानापासून चालू होतं. सहा ते आठ तासांत प्लाझ्मा वेगळा होऊन गोठलेला हवा. म्हणून सकाळच्या पिशव्या पहिल्या खेपेत पाठवा, भाषणं चालू द्या. उशीर झालाच, तर एफएफपीचं, म्हणजे ताज्या गोठवलेल्या प्लाझ्माचं, लेबल लावू नका; पण प्लाझ्मा फेकूही नका, त्यातून अल्ब्युमिन आणि इम्युनोग्लोब्युलिन ही प्रथिनं निघतात.

रक्त भरताना पिशवी हलती ठेवा. आतलं गुठळी रोखणारं द्रावण नीट मिसळलं नाही तर बारीक गुठळ्या धरतात आणि गोठवणारे घटक तिथेच खर्ची पडतात. दात्याने नुकताच मटणाचा रस्सा ओरपला असेल तर प्लाझ्मा दुधाळ येतो आणि तपासण्याही अडतात. हलका नाश्ता पुरे.

डीप फ्रीझर -३० अंशांखाली हवा. लाइट जाऊन आली, आकडा पुन्हा -३२ झाला, म्हणजे सगळं ठीक असं नाही. मधल्या वेळात काय झालं? गोठवताना पिशवीला रबरबँड घाला, गोठल्यावर काढा, खाच उरते. पुढे ती खाच दिसेनाशी झाली तर प्लाझ्मा मधे वितळला होता. कुठल्याही महागड्या अलार्मपेक्षा माझा यावर जास्त विश्वास आहे. आणि गोठलेली पिशवी आपटू नका, प्लॅस्टिक तडकतं.

क्रायो, म्हणजे गोठलेला प्लाझ्मा थंडीत वितळवून मिळणारा साका, करताना घाई नडते. वितळवणं ४ अंशांच्या आसपासच. पिशवी कोमट पाण्यात टाकलीत तर खाली बसणारा साका, म्हणजे फॅक्टर ८ आणि फायब्रिनोजेन, पुन्हा विरघळून प्लाझ्मात जातो. सेंट्रिफ्यूजही थंडच हवा.

बायोटेकच्या विद्यार्थ्यांची चूक वेगळी. १९४० च्या दशकात हार्वर्डमध्ये एडविन कोहन यांनी बसवलेली थंड इथेनॉलची (अल्कोहोलची) पद्धत प्लाझ्मातली प्रथिनं वेगळी करण्याचा आजही पाया आहे; ४० टक्के इथेनॉल, पीएच ४.८ आणि -५ अंशांना अल्ब्युमिन खाली बसतं. पण इथेनॉल पाण्यात मिसळताना उष्णता सुटते. एकदम ओतलं की त्या जागी प्रथिन बिघडतं. आधी गार करा, संथ धार सोडा, फेस येऊ देऊ नका. पीएचसाठी नमुना सलाइनमध्ये पातळ करून मोजा. इथेनॉलमध्ये मीटर फसवतो.

अल्ब्युमिन ६० अंशांवर १० तास तापवतात, पण कॅप्रिलेटसारखा स्थिरकारक घालूनच, नाहीतर त्याचा गोळा होतो. सॉल्व्हंट-डिटर्जंटने (द्रावक आणि साबणासारख्या रसायनाच्या प्रक्रियेने) सगळे विषाणू मरतात, हा समजही सोडा. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांचं मेदाचं आवरण फुटतं. पार्व्हो बी१९ आणि हिपॅटायटिस ए या विषाणूंना ते आवरण नसतंच. त्यांच्यासाठी नॅनोफिल्ट्रेशनसारखी (अतिसूक्ष्म गाळणीची) वेगळी पायरी लागते.