कोल्हापूर ते मुंबई, पण समुद्रानं: स्पीडबोटीच्या लांब फेरीचा बेत कसा आखायचा

कोल्हापुरात ‘ओबीएम’ हा शब्द २०१९ च्या महापुरानं घराघरात पोचवला. बोटीच्या मागं लटकणारं ते इंजिन हाताळायला मीही तेव्हाच शिकलो, चिखली-आंबेवाडीच्या बाजूला. पाणी ओसरलं, नाद राहिला. पुढं चौघांनी मिळून एक जुनी चोवीस फुटी बोट घेतली, मागं ११५ हॉर्सपॉवरची दोन इंजिनं. रंकाळ्यात ती शोभणार नव्हती. मग समुद्र आलाच.

पहिल्या खेपेचा हिशोब एकदम सरळ होता. विजयदुर्ग ते मुंबई साधारण १४५ सागरी मैल, बोट वीस नॉटनं, म्हणजे ताशी वीस सागरी मैलांनी पळते, म्हणजे सव्वासात तास. प्रत्यक्षात घाट, ट्रेलर आणि पेट्रोलच्या रांगेत निघायलाच साडेअकरा वाजले. साडेबाराला समोरून वारा सुटला, बोट आपटायला लागली, वेग सात-आठ नॉटवर आला. संध्याकाळी साडेपाचला भिजलेले चौघे जयगडच्या खाडीत शिरलो. मुंबई शंभर मैल लांब होती, आणि टाकीत अंदाजापेक्षा बरंच कमी पेट्रोल. तेव्हापासून आम्ही बेत उलटा आखतो, मुंबईकडून विजयदुर्गकडे.

आधी ठरवा, मुंबईत बोट कुठं राहणार

बहुतेक जण हे शेवटी ठरवतात. खुल्या समुद्रात जागाच जागा असते. अडचण येते ती मोठ्या शहरापाशी. गेटवेसमोर नांगर टाकून रात्र काढायचं चित्र डोळ्यांपुढं फार छान दिसतं. तिथं मांडव्याच्या आणि घारापुरीच्या लाँचा सतत ये-जा करतात, त्यांच्या लाटांनी बोट हिंदकळत राहते. शेजारी नौदलाची गोदी आहे, पुढं जवाहर द्वीपाचा तेलाचा धक्का. या दोन्हींच्या आसपास विनाकारण फिरकायचं नाही. १८४६ मध्ये स्थापन झालेला रॉयल बॉम्बे यॉट क्लब तिथंच आहे. सभासदाची ओळख असेल तर महिनाभर आधी विचारून बघा. ऐनवेळी फोन करून काही पदरात पडेल या भरवशावर राहू नका.

माझं मत विचाराल तर बोट अलीकडं, अलिबागजवळच्या मांडव्यालाच ठेवा. महाराष्ट्र सागरी मंडळाच्या तिथल्या बंदर कार्यालयात आधी बोलून जागा ठरवा, एक जण बोटीवर झोपू दे आणि बाकीच्यांनी रो-रोनं, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या मोठ्या फेरीबोटीनं, मुंबईतल्या भाऊच्या धक्क्याला जावं. साधारण तासाभरात मुंबईत. २०२० पासून ही सोय आहे. ‘बोटीनं मुंबईला गेलो’ म्हणताना शेवटचा टप्पा दुसऱ्याच्या बोटीतून केला याची थोडी लाज वाटते खरी, पण झोप चांगली लागते.

मग पंचांग काढा

हंगाम पहिला. जून ते ऑगस्ट विषयच नको. नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ देतात, पण आपल्यासारख्या हौशी लोकांनी त्या मुहूर्ताला हुरळून जाऊ नये. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ बरा. तोही डोळे झाकून नाही: ११ नोव्हेंबर २००९ ला फयान वादळ याच किनाऱ्यावर आलं होतं. निघायच्या आठ दिवस आधीपासून हवामान खात्याचा आणि हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्रविषयक माहिती केंद्राचा लाटांचा अंदाज रोज बघा. लाटा मीटरभराच्या वर सांगितल्या असतील तर आम्ही घाट उतरतच नाही.

आता तिथी. तिथीला पाऊणनं गुणलं की भरतीची वेळ येते, हा कोकणातला जुना आडाखा. द्वादशीला बारा गुणिले पाऊण, म्हणजे नऊ. त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, म्हणून पक्की वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यात बघायचीच. पण बेत आखायला हा आडाखा झकास. खाडीच्या तोंडावर वाळूचे दांडे असतात आणि तिथं शिरायचं ते चढत्या पाण्यावर. बोट टेकलीच तर पुढच्या दहा मिनिटांत पाणीच ती उचलून देतं. उतरत्या पाण्यावर टेकलात तर सहा-सात तास गावभर शोभा.

सकाळी नऊच्या सुमारास खाडीत शिरायचं असेल तर द्वादशीला निघणं सोयीचं. तीन सकाळींचे तीन टप्पे धरले तर चतुर्दशीच्या सकाळी चढत्या पाण्यावर मांडव्याला पोचता. याची दुसरी बाजू अशी की हे दिवस उधाणाचे. मुंबईकडं उधाणाला पाण्याची पातळी साडेचार मीटरपर्यंत वरखाली होते. ओहोटीला तीन मीटर खोल असलेली जागा भरतीला साडेसात मीटर होते. नांगराचा दोर खोलीच्या निदान पाचपट सोडायचा, म्हणजे सदतीस-अडतीस मीटर. आमच्याकडं आधी वीस मीटरच दोर होता, रंकाळ्याच्या मापाचा.

टप्पे सकाळपुरतेच ठेवा

शाळेतल्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, आठवतं? अख्खी फेरी त्या धड्यावर चालते. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येतो, किनाऱ्यालगत पाणी गुळगुळीत असतं. बाराच्या पुढं खारा वारा वायव्येकडून जोर धरतो. आपण उत्तरेला चाललेलो, म्हणजे तो जवळजवळ तोंडावर. म्हणून उजाडताना निघायचं आणि दहाच्या आत नांगर टाकायचा. तीन सकाळी पुरतात.

पहिल्या दिवशी विजयदुर्ग ते जयगड, सुमारे ४६ मैल, अडीच तास. दुसऱ्या दिवशी जयगड ते जंजिऱ्यामागची राजपुरीची खाडी, साठ मैल, तीन तास. हा सगळ्यात लांब टप्पा. तिसऱ्या दिवशी तिथून मांडवा, बत्तीस-तेहेतीस मैल. जयगडला तवसाळची आणि राजपुरीच्या खाडीत दिघी-आगरदांड्याची फेरीबोट आडवी जाते, तिला वाट द्या. तिसऱ्या टप्प्यात रेवदंड्यापुढं ‘चौल कडू’ नावाचा खडकांचा पट्टा आहे, भरतीला पाण्याखाली जातो. पुढं खांदेरी-उंदेरीच्या आसपासही खडक. किल्ल्याचा फोटो काढायला जवळ घुसू नका, बाहेरून वळसा घाला. देहरादूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचे नकाशे मागवा. मोबाइलमधला नकाशा सोबतीला ठीक.

अंधारात बोट चालवायची नाही. याचं कारण जाळी, त्याबद्दल पुढं सांगतो.

पेट्रोल मैलावर मोजा

आमची दोन्ही इंजिनं मिळून वीस-बावीस नॉटला तासाला सुमारे पन्नास लिटर पितात. म्हणजे मैलाला सव्वादोन-अडीच लिटर. तुमच्या बोटीचा आकडा दुसऱ्याला विचारू नका. टाकी भरून, माणसं-सामान तेवढंच घेऊन दोन तास चालवून स्वतः मोजा.

साठ मैलांना धरा १४० लिटर. समोरचा वारा लागला तर चाळीस लिटर वाढवा. बोट पाण्यावर धड उठतही नाही आणि शांत बसतही नाही, तेव्हा ती सगळ्यात जास्त पिते. हे १८० झाले. निघताना भरलेल्यापैकी एक तृतीयांश पेट्रोल पोचल्यावर शिल्लक हवं, म्हणजे निघताना २७० लिटर. आमची टाकी ३०० ची. तुमची लहान असेल तर टप्पा मोडा आणि मधे हर्णैला थांबा.

धक्क्यांवरचे पंप बहुतेक मच्छीमारांच्या डिझेलचे. पेट्रोल रस्त्यावरच्या पंपावरून कॅननं आणावं लागतं. प्लास्टिकच्या कॅनमध्ये देत नाहीत, पत्र्याचे मान्यताप्राप्त कॅन न्या आणि रिक्षा किंवा टेम्पोवाला आधीच ठरवून ठेवा. हल्लीचं इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतली ओल ओढतं. महिनाभर पडलेलं पेट्रोल घेऊन निघू नका. पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा आणि निघण्याआधी त्यातलं थोडं काचेच्या बरणीत काढून बघा. पाणी तळाला वेगळं दिसतं.

कागद

बोटीची नोंदणी, सर्वेक्षणाचा दाखला, विमा, चालवणाऱ्याचा परवाना आणि प्रत्येकाचं आधार कार्ड, सगळं जलरोधक पिशवीत. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रानं आले, तेव्हापासून अनोळखी बोट दिसली की चौकशी होते आणि व्हायलाच हवी. निघताना बंदर कार्यालयात आणि सागरी पोलीस ठाण्यात नावं, टप्पे, बोटीचा रंग लिहून द्या. तटरक्षक दलाची बोट जवळ आली तर वेग कमी करा, हात दिसू द्या.

एक कागद कोल्हापुरातही हवा. आमच्या वहिनींच्या फ्रिजवर तो चिकटवलेला असतो: आज कुठून कुठं, अकराला फोन येणार, एकपर्यंत आला नाही तर १५५४ लावायचा. हा तटरक्षक दलाचा मदतीचा नंबर. मोबाइलची रेंज मधेमधे जाते, म्हणून बोटीवर व्हीएचएफ रेडिओ हवाच, चॅनल १६ कायम चालू.

जाळी, सुरी आणि बाकीचं सामान

हर्णैच्या बाहेर एकदा सकाळी डाव्या इंजिनाचा आवाज बदलला. आधी घरघर, मग दबका हुंदका दिल्यासारखा, आणि बंद. इंजिन वर उचललं तर पंख्यावर हिरवा नायलॉनचा दोर सुताच्या रिळासारखा घट्ट बसलेला. घर्षणानं वितळून त्याची कडक चकती झाली होती. स्वयंपाकाची सुरी नुसती घसरत होती. शेवटी करवतीच्या दात्यांची सुरी कामाला आली, तरी पाऊण तास गेला. एक जण मागं ओणवा, दुसऱ्यानं त्याचा पट्टा धरलेला, तिसरा नांगर टाकून बसलेला. तेव्हापासून दातेरी सुरी दोरीनं बांधून सुकाणूजवळच असते. पाण्यावर काठी, झेंडा, थर्माकोलचे तुकडे किंवा ओळीत डबे दिसले की खाली जाळं आहे असं समजा. दोन खुणांच्या मधून जायचं नाही, टोकाला वळसा. रायगडच्या पट्ट्यात डोल जाळी खुंटांना बांधलेली असतात, ती आणखी वाईट. आणि एखाद्याचं जाळं तुटलंच तर पळून जाऊ नका, त्या बोटीच्या तांडेलाशी, म्हणजे म्होरक्याशी बोला. ते त्याचं पोट आहे.

दोन नांगर हवेत. आमचा दुसरा कोल्हापूरच्या उद्यमनगरात, कारखान्यांच्या वस्तीत बनवून घेतला, कारागिरानं ‘रंकाळ्याला एवढा कशाला?’ म्हणून विचारलं होतं. लाइफ जॅकेट अंगात असतं, बाकाखाली नसतं. अग्निशामक, संकटात खूण म्हणून पेटवायचे भडके, माणशी रोज चार लिटर पाणी. आदल्या रात्री तांबडा-पांढरा रस्सा ओरपून निघू नका, हे कळकळीनं सांगतो. भडंग, केळी, दशम्या चालतात.

शहरातला दिवस

पूर्ण एक दिवस मोकळा ठेवा, शक्यतो दोन. वाटेत एखादी सकाळ वाऱ्यानं खाल्ली तर हाच दिवस भरपाईला येतो. अलिबागच्या पंपावरून पेट्रोल भरून घ्या, इंजिनाचं तेल बघा, मग खुशाल रो-रो पकडा. मुंबईत आम्ही हमखास दारूखान्यात जातो. नावावरून गैरसमज नको, तिथं जुन्या जहाजांचं सामान मिळतं: पितळी कड्या, साखळ्या, दिवे. उद्यमनगरचा माणूस तिथं हरवतो. संध्याकाळी परत फिरा, कारण बोटीवर थांबलेल्यालाही शहर बघायचं असतं.

परतीला वारा पाठीशी असतो, तरी सकाळचाच नेम ठेवा. मागून येणारी लाट बोटीचं ढुंगण फिरवते आणि ते समोरच्या लाटेपेक्षा फसवं. विजयदुर्गला बोट ट्रेलरवर घेतली की इंजिनातून दहा-पंधरा मिनिटं गोडं पाणी खेळवा. ट्रेलरच्या चाकांची बेअरिंगंही खाऱ्या पाण्यात बुडालेली असतात. गगनबावड्याचा घाट चढण्याआधी तळेऱ्याला चहाला थांबा आणि चाकाच्या मध्यावर हात ठेवून बघा. चटका बसला तर ग्रीस तिथंच भरा.