ड्रॅग कारचा व्हीलबेस किती ठेवायचा? आधी मागचा ॲक्सल ठरवा

ड्रॅग कार, म्हणजे थोड्या अंतराच्या सरळ शर्यतीची गाडी, बनवायला घेतली की पहिला प्रश्न हाच, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधलं अंतर) किती ठेवू, आणि उत्तरही ठरलेलं मिळतं की लांब ठेव, गाडी सरळ पळते आणि पुढून उचलत नाही. यातलं पहिलं बरोबर आहे पण दुसरं अर्धंच, कारण लांबी पुढून वाढवली की मागून यावर सगळा खेळ आहे. म्हणून इंचांचा आकडा शेवटी काढायचा, आधी मागचा ॲक्सल गाडीच्या सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीपासून, म्हणजे वजनाच्या मध्यबिंदूपासून (सीजी), किती मागे हवा ते ठरवायचं.

अर्थात त्याच्याही आधी रूलबुक. अमेरिकेत एनएचआरए या ड्रॅग रेसिंगच्या संघटनेत टॉप फ्युएल ड्रॅगस्टर या क्लासला ३०० इंचांपर्यंत मुभा आहे, म्हणजे साडेसात मीटरच्या वर, आणि फनी कार या क्लासला १२५ इंच. तुमच्या क्लासची मर्यादा बघितल्याशिवाय एकही पाइप कापू नका.

आता हिशोब. लाँचला, म्हणजे गाडी जागेवरून सुटताना, मागच्या चाकांवर किती वजन सरकतं? गाडीचं वजन गुणिले लाँचचे जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट प्रवेग) गुणिले सीजीची उंची, भागिले व्हीलबेस. समजा ड्रायव्हर धरून १००० किलोची गाडी आहे, सीजी जमिनीपासून ५० सेंटीमीटरवर, व्हीलबेस अडीच मीटर, वजन पुढे-मागे निम्मं निम्मं आणि लाँच दीड जीचा. ३०० किलो मागे सरकतं, मागच्या चाकांवर एकूण ८०० किलो.

याच गाडीची पुढची चाकं अर्धा मीटर पुढे ढकलली (चाकांचं स्वतःचं वजन तूर्त सोडून द्या) तर व्हीलबेस ३ मीटर होतो आणि लाँचला मागे साधारण ८३३ किलो येतं. तेवढीच लांबी मागचा ॲक्सल मागे नेऊन वाढवली तर मागे ६६७ किलोच राहतं!! व्हीलबेस दोन्हीकडे ३ मीटर, आणि ग्रिपमध्ये एवढा फरक. पुढचं टोक कधी उचलणार हेही मागच्या ॲक्सलपासून सीजीपर्यंतचं अंतर भागिले सीजीची उंची यावर ठरतं, म्हणजे पहिल्या गाडीत अडीच जीला, पुढची चाकं ढकलली तरी अडीचलाच, आणि ॲक्सल मागे नेला तर साडेतीनला. ड्रॅग बाईकवाले लांब स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) लावतात ते याचसाठी.

१९६५ मध्ये क्रायस्लरने डॉज आणि प्लिमथच्या काही गाड्यांत मागचा ॲक्सल १५ इंच आणि पुढचा १० इंच पुढे आणला होता. व्हीलबेस फक्त ५ इंचांनी कमी झाला पण वजन मागच्या टायरवर आलं, आणि त्या विचित्र दिसण्यावरूनच पुढे फनी कार हे नाव पडलं.

तुमचा लाँच किती जीचा आहे ते पहिल्या ६० फुटांच्या टायमिंगवरून काढता येतं, दीड सेकंद म्हणजे सरासरी साधारण १.७ जी आणि १.२ सेकंद म्हणजे २.६ च्या आसपास. सुरुवातीचा झटका याहून जास्त असतो त्यामुळे जरा हात राखून धरा. सीजीची जागा काढायला पुढच्या चाकांवरचं वजन भागिले एकूण वजन गुणिले व्हीलबेस करा, जे येईल ते मागच्या ॲक्सलपासूनचं अंतर, उंचीसाठी मात्र एक टोक उचलून परत वजन घ्यावं लागतं. पुढचं उचलतंय असं दिसलं तर इंजिन खाली बसवता येतंय का ते आधी बघा, व्हीली बार (पुढचं टोक जास्त उचलू नये म्हणून मागे लावलेला दांडा) नंतर.

मागचा ॲक्सल ठरला की मग पुढची चाकं सरळ पळण्यासाठी हवी तेवढी पुढे न्या. लांब गाडी तेवढ्याच स्टीअरिंगला कमी वळते, ३०० च्या स्पीडला हे फार मोलाचं आहे. पण स्टीअरिंगचा रेशोही बघा, म्हणजे स्टीअरिंग किती फिरवलं की चाकं किती वळतात. अमेरिकन ड्रॅग रेसर डॉन गार्लिट्सचा १९७० मध्ये गिअरबॉक्स फुटून पायाचा पुढचा भाग गेला, मग त्याने इंजिन मागे असलेली गाडी बनवली आणि ती सरळ पळेना, शेवटी स्टीअरिंग स्लो केल्यावर ती ताब्यात आली. उगाच लांबी वाढवली की पाइपांचं वजन आणि चॅसिसची लवचिकता दोन्ही वाढतात.

आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर व्हॅली रन ही ड्रॅग रेस व्हायची, तिथे रस्त्यावरच्या फ्रंट व्हील ड्राइव्ह गाड्याही उतरायच्या, आणि त्यांचं गणित उलटं आहे. वजन मागे सरकलं की चालवणाऱ्या चाकांवरूनच जातं, म्हणून तिथे लांब व्हीलबेस आणि बुटकी गाडी घ्या, सस्पेन्शन मागून कडक ठेवा.

शेवटी वेल्डिंगच्या आधी चारही हबच्या मध्यातून ओळंबा सोडून फरशीवर खडूने खुणा करा, डावीकडचा आणि उजवीकडचा व्हीलबेस मोजा, मग कर्णही मोजा. एका बाजूला अर्धा इंच जरी फरक आला तरी तेव्हाच सोडवा, नंतर अलाइनमेंट कितीही केली तरी गाडी लाँचला एका बाजूला खेचत राहील. आणि ट्रेलरची आतली लांबी मोजलीत ना?