आयसीजी कॅमेऱ्याचे फिल्टर: आधी काळोख तपासा

बायोमेडिकलची मुलं माझ्याकडे प्रोजेक्टला येतात ती बहुतेकदा उलट्या क्रमाने. कुठल्यातरी जुन्या उपकरणातून काढलेला फिल्टर हातात असतो आणि प्रश्न तयार असतो, ‘मॅडम, याच्यातून गाठ दिसेल का?’ शस्त्रक्रियेत गाठ उठून दिसावी म्हणून प्रकाशात चमकणारं रंगद्रव्य वापरतात आणि फिल्टर त्यावरूनच ठरतो. म्हणून त्यांना मी एकच विचारते: रंगद्रव्य कुठलं?

मेंदूतल्या ग्लायोमा नावाच्या गाठीसाठी शस्त्रक्रियेआधी काही तास रुग्णाला ५-एएलए हे औषध पाजतात. गाठीच्या पेशींत त्यापासून बनलेलं प्रोटोपॉर्फिरिन हे चमकणारं द्रव्य साचतं आणि ४०५ नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशात ते ६३५ला लाल चमकतं. तिथे सर्जन स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो. म्हणून मायक्रोस्कोपच्या फिल्टरमधून थोडा निळा मुद्दाम गळू देतात, नाहीतर लाल डागाभोवतीचा मेंदू काळाठिक्कर दिसेल आणि हत्यार कुठे आहे तेही कळणार नाही. यकृताच्या गाठी आणि सेंटिनेल लिम्फ नोड (कर्करोग पसरताना आधी जिथे पोचतो ती लसीका ग्रंथी) शोधायला वापरतात ते इंडोसायनिन ग्रीन, म्हणजे आयसीजी, वेगळ्या जातीचं. रक्तात ते ८०५च्या आसपास प्रकाश शोषतं आणि ८३०च्या आसपास सोडतं. डोळ्याला काही दिसत नाही, कॅमेराच लागतो. फट जेमतेम २५ नॅनोमीटरची, आणि सगळी डोकेदुखी त्या फटीत आहे. पुढचं सगळं आयसीजीबद्दल, तेही टेबलावरच्या मांडणीबद्दल. रुग्णावर वापरायच्या उपकरणाच्या मंजुऱ्या आणि चाचण्या हा निराळा विषय.

प्रकाशासाठी ७८५चा लेसर डायोड घ्या. शोषणाच्या शिखरापेक्षा तो थोडा अलीकडे पडतो, पण त्या बदल्यात फट रुंद होते. ८०८चे डायोड सहज मिळतात म्हणून मोह होतो, आवरा. ७८५ डोळ्याला अगदी मंद लाल भासतो, म्हणून पापणी मिटत नाही आणि डोळा भाजतो. त्याच तरंगलांबीचा आकडा छापलेला गॉगल घातल्याशिवाय स्विचला हात लावू नका.

डायोडच्या पुढे एक एक्सायटेशन फिल्टर, म्हणजे लेसरची मुख्य रेषा तेवढी पुढे सोडणारा फिल्टर, हवाच. लेसर एकाच रंगाचा असतो असं आपण शिकलेलो असतो, पण त्याच्या मुख्य रेषेभोवती फिकट शेपटी असते आणि ती ८३०पर्यंत पोचते. एलईडीची तर विचारूच नका.

कॅमेऱ्यापुढचा एमिशन फिल्टर लेसर अडवून रंगद्रव्याचा उजेड तेवढा आत घेतो. त्याचा ओडी (ऑप्टिकल डेन्सिटी, अडवण्याची ताकद) किमान ६ असावा, म्हणजे अडवायच्या प्रकाशाचा दहा लाखांतला एकच भाग पार होतो. ८२०च्या पुढचं सगळं सोडणारा साधा लाँगपास चालतो, पण मी ८२० ते ८६० एवढाच पट्टा सोडणारा बँडपास पसंत करते. सिलिकॉनचा सेन्सर १०००च्या आसपासपर्यंत बघत असतो आणि खोलीतला एखादा हॅलोजन दिवा तो सगळा पट्टा भरून टाकतो.

आता कोन. कॅटलॉगमधला आकडा फिल्टरवर सरळ, काटकोनात पडणाऱ्या प्रकाशासाठी असतो. हे फिल्टर इंटरफिअरन्स जातीचे, म्हणजे पातळ थरांचे असतात. तिरप्या किरणांसाठी त्यांची कड, म्हणजे जिथून प्रकाश सोडायला सुरुवात होते ती तरंगलांबी, निळ्याकडे, म्हणजे कमी आकड्याकडे सरकते. फिल्टरचा प्रभावी अपवर्तनांक २ धरला, तर ८२०ची कड १० अंशांना ८१७वर येते, २० अंशांना ८०८वर आणि ३० अंशांना ७९४वर. ४० अंशांचं दृश्य टिपणारी लेन्स फिल्टरच्या मागे असेल, तर चित्राच्या कडेचे किरण २० अंशांनी येतात. ८०८चा लेसर असेल तर चित्राच्या कडेने गळक्या लेसरचं झळाळतं कडं उमटतं आणि रंगद्रव्यच चमकलं असं समजून मुलं खूश होतात! उपाय साधा: लांब फोकसची लेन्स घ्या, कॅमेरा मागे न्या, पूर्ण दृश्य २० अंशांत बसवा. फिल्टर लेन्स आणि सेन्सरच्या मधे ठेवला तर कोनाचा प्रश्न सुटतो असं वाटतं, पण लेन्सचं छिद्र एफ/२ एवढं उघडं असेल तर तिथे प्रकाशाच्या शंकूच्या कडेचे किरण १४ अंशांवर असतात.

खरी परीक्षा काळोखाची. लेन्सवर झाकण ठेवून एक फोटो घ्या. मग खोलीतले दिवे बंद करून, तेवढ्याच एक्स्पोजरला, लेसरखाली रंगद्रव्य नसलेला पांढरा टेफ्लॉनचा तुकडा ठेवून दुसरा. (५-एएलएच्या मांडणीत झेरॉक्सचा कागद कधीही ठेवू नका, त्यातली चमक आणणारी रसायनं निळ्या-जांभळ्या प्रकाशात स्वतःच उजळतात.) दोन्ही फोटो सारखेच काळे आले पाहिजेत.

नाही आले तर आधी लेसर झाका. उजेड तसाच राहिला तर तो खोलीतला आहे. मॉनिटर आणि दाराची फट तपासा. लेसर झाकल्यावर उजेड गेला, तर लेसर पुन्हा उघडून कॅमेऱ्यापुढे तसाच दुसरा एमिशन फिल्टर किंचित तिरपा लावा. चित्र एकदम विझलं तर पहिल्या फिल्टरमधून ७८५ गळत होता. थोडंसंच मंदावलं तर तो प्रकाश खरोखर ८३०च्या पट्ट्यातलाच आहे: लेसरची शेपटी, नाहीतर स्वतःच चमकणारं प्लास्टिक किंवा रंग. तिथे कॅमेऱ्यापुढे आणखी फिल्टर चढवून पैसे वाया जातात, दुरुस्ती लेसरपाशी, नाहीतर त्या चमकणाऱ्या वस्तूपाशी करायची. तिरपा लावायचा कारण समांतर फिल्टर सलूनमधल्या समोरासमोरच्या आरशांसारखे प्रकाश एकमेकांकडे टोलवत बसतात आणि ६ अधिक ६ म्हणजे १२ हे गणित जुळत नाही.

काळोख जमला की मगच आयसीजी. पावडर सलाईनमध्ये नव्हे, शुद्ध पाण्यात विरघळवा, त्याच दिवशी वापरा आणि बाटलीला फॉइल गुंडाळा. पातळ द्रावणापासून सुरुवात करा. फार घट्ट झालं की ते स्वतःचाच उजेड गिळतं आणि चित्र उलट अंधुक होतं.